वारूचं डावं मडगार्ड

१८ ऑगस्ट, सोमवार

भांडण लांबणार असं दिसतंय, तेव्हा तारखा लिहून ठेवलेल्या बऱ्या. महेशला त्याच्या कंपनीतून दरवर्षी डायरी मिळते आणि दरवर्षी ती रद्दीत जाते. यंदाची मी घेतली. आधीची साडेसात महिन्यांची पानं कोरी आहेत, ती राहू देत तशीच.

झालं असं. सकाळी पेपरात मोठा फोटो. लाल, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी मोटार. खाली लिहिलेलं, 'नाशिकची एकेकाळची शान, वारू'. त्र्यंबक रोडला नवं मोटार-संग्रहालय होतंय, दसऱ्याला उघडणार आणि ही गाडी मधोमध ठेवणार. वाचून बरं वाटलं. पुढची ओळ वाचली आणि चहा तसाच राहिला. 'गाडीची बॉडी मुंबईत परदेशी यंत्रावर दाबून तयार केली होती.'

यंत्रावर! सातपूरच्या शेडमध्ये आमच्या ह्यांनी ती हाताने ठोकली. वाळूच्या गोणीवर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठेवायचा आणि ठोकत ठोकत त्याला पोट काढायचं. अशा पाच गाड्या झाल्या. चार कुठे गेल्या देव जाणे, ही तिसरी. हे जाऊन सहा वर्षं झाली. असते तर हसले असते आणि पेपरची घडी घालून ठेवली असती. मी हसणाऱ्यातली नाही.

महेश म्हणाला, "आई, जाऊ दे ना. पन्नास वर्षांपूर्वीचं कोण विचारतंय आता?"

"मी विचारतेय," म्हटलं.

लग्नात सासूने माझं नाव बदललं नव्हतं. लंकाच राहू द्या, म्हणाली, घराला जरा धाक राहील. म्हातारीला माणसं कळायची.

२० ऑगस्ट, बुधवार

सुनेने, सरिताने, शाळेतून रजा काढली आणि मला संग्रहालयात नेलं. अजून रंगाचा वास आहे तिथे. आभा नावाची पुण्याची बाई जुन्या गाड्यांची माहिती जमवते, पाट्या लिहिते. पस्तिशीची असेल. चांगली आहे, बसायला खुर्ची दिली. पण मी आधी गाडीकडे गेले.

सत्तेचाळीस वर्षांनी पाहिली. रंग नवा दिलाय, आत कातडी सीट. मागच्या मडगार्डावर बोटाची पेरं वाजवली. उजवीकडे वाजवलं, मग डावीकडे. डावीकडचा आवाज जरा बसका येतो, तिथे फुगवटा कमी आहे. तो तसाच होता. डावी बाजू झाली तेव्हा महेश पोटात होता, सातवा लागलेला.

आभा माझ्याकडे बघत होती. "आजी, तुम्हाला कसं कळलं? आम्ही मोजलंय. डावं मडगार्ड उजव्यापेक्षा नऊ मिलिमीटर सपाट आहे."

"कळतंय की. वाजतंय ना," म्हटलं.

तेवढ्यात गौरांग आला. दातारसाहेबांचा मुलगा. वारू काढली ती शामसुंदर दातारांनी, मोठे इंजिनियर, डोक्यात सतत काहीतरी फिरत असायचं. गौरांग तेव्हा सात-आठ वर्षांचा होता, शेडमध्ये येऊन चिक्की खायचा. आता डोक्यावर केस नाहीत आणि वडिलांवर पुस्तक लिहिलंय. नमस्कार केला, अगदी वाकून. मग त्या काळचं छापील पत्रक दाखवलं. 'बॉडी अद्ययावत परदेशी यंत्रसामग्रीवर तयार केलेली.' खाली साहेबांची सही.

"बाबांनी स्वतः लिहिलंय, लंकाबाई. मी बाबांना खोटं कसं पाडू?"

"तुमच्या बाबांना कोण खोटं पाडतंय? मी म्हणते, बॉडी हितं ठोकली. माझ्या डोळ्यांदेखत."

आभाने विचारलं, कुणी ठोकली, त्यांचं पूर्ण नाव काय. आता मी ह्यांचं नाव कसं घेणार? उभ्या जन्मात उखाण्याखेरीज घेतलं नाही. सरिताकडे बघितलं, तिने सांगितलं, वाल्मीक निरगुडे, पिंपळगाव बसवंतचे. आभाने लिहून घेतलं आणि म्हणाली, "आजी, मला तुमचं पटतं. पण माझ्यासमोर एक छापील कागद आहे आणि एक तुमचं बोलणं. पाटी कोरायला पंचवीस सप्टेंबरला द्यायची आहे. तोवर काही पुरावा मिळाला, तर त्यांचं नाव घालीन."

पुरावा. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण इथे काकणालाच कुणी काकण म्हणायला तयार नाही.

मी तिला बरंच सांगितलं. पत्रा कडक झाला की त्याला धुण्याचा साबण चोळायचा आणि खालून आच द्यायची, साबण काळा पडला की पत्रा नरम झाला समजायचं. मग गोणीवर कडेने सुरू करून आत यायचं, मधे मारलं तर पत्रा फाटतो. आभाने विचारलं, "हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?" म्हटलं, शिकवायचं काय त्यात, मी रोज ह्यांचा डबा घेऊन जायची, बसल्या बसल्या हातभार लावायची, बघून येतं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

भाजी चिरताना आठवलं. विळीवरून तशीच उठले.

माळ्यावर एक डालड्याचा डबा आहे. त्यात सिनेमाची फीत आहे.

अठ्ठ्याहत्तर साली शेड बंद पडली. दातारसाहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, ज्याला जे हवं ते न्या. कुणी ऐरण नेली, कुणी कात्री, एकाने तर दरवाजाची कडी काढून नेली. आणि आमचे हे? छोट्या फितीचं एक चाक घेऊन आले. साहेबांचे मेहुणे एकदा विलायतेहून आले होते, त्यांनी शेडमध्ये कॅमेरा फिरवला होता, तीच ती. मी तेव्हा केवढी बोलले! म्हटलं, माणसं ऐरणी घेऊन आली, तुम्ही हे गुंडाळं आणलंत. दाखवायला यंत्र कुठाय? ह्यांनी डालड्याचा डबा धुऊन पुसून त्यात फीत ठेवली आणि म्हणाले, "हा डबा तुझा."

स्वयंपाकघरातले सगळे डबे माझेच होते. त्यात हा एक वाढला. तीन घरं बदलली, दर वेळी मी टाकून द्यायला निघाले आणि दर वेळी ह्यांनी तो परत माळ्यावर चढवला.

आज महेशला शिडी लावायला लावली. तो म्हणाला, आई, गुडघ्यांना जप. गुडघे त्याचे नव्हेत, माझे आहेत.

२४ ऑगस्ट, रविवार

आभा स्वतः आली घरी. झाकण उघडलं तर आंबूस वास आला, पेटीत राहिलेली द्राक्षं आंबल्यावर येतो तसा. तिचा चेहरा पडला. म्हणाली, फीत कुजायला लागली आहे. आक्रसली आहे. यंत्रातून एकदाच जाईल, दुसऱ्यांदा बहुतेक तुटेल. पुण्यात एक माणूस आहे, तो हाताने एकेक चित्र सोडवून कॉम्प्युटरवर घेतो, तीन आठवडे लागतील.

हातातून द्यायचं जिवावर आलं. तरी दिली. आधी कागदावर लिहून घेतलं, 'लंकाबाई निरगुडे यांच्या मालकीचा डबा, आतील फितीसह'. तिने मुकाट्याने सही केली. ह्यात आमचे हे ठोकताना दिसतील. मग बघू पत्रक मोठं की फीत.

३० ऑगस्ट, शनिवार

गौरांग घरी आला होता, मोदक घेऊन. गौरीगणपतीचं घर, तेव्हा चहा-फराळ सगळं केलं. मग मुद्द्यावर आला. फीत त्याच्या मामांनी काढलेली, तेव्हा ती दातारांच्या घरची, असं त्याचं म्हणणं. पुण्याहून आली की त्याला द्यावी, तो नीट जपेल.

म्हटलं, "सत्तेचाळीस वर्षं कुणी जपली?"

"तुम्हीच. मान्य आहे. पण लंकाबाई, समजा तिच्यात दुसरंच काही निघालं तर? म्हणजे तुम्हाला वाटतं ते नसलं तर?"

"निघू दे की. मला नाय भीती."

मग तो जे बोलला ते मनात राहिलंय. म्हणाला, बाबा शेवटच्या आजारपणात सारखे म्हणायचे, पत्रकात एक चूक झाली, एक चूक झाली. कुठली ते सांगितलं नाही. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, मखराकडे बघत होता. मला जरा त्याची कीव आली. मोदक मात्र बाजारचे होते.

९ सप्टेंबर, मंगळवार

पुण्याहून काही नाही. गुडघे दुखतात. सरिताला तीनदा फोन लावायला लावला, ती आता माझ्यासमोर फोन लपवते.

१४ सप्टेंबर, रविवार

घट बसायच्या आत गोधड्या झाल्या पाहिजेत. मशीनमध्ये गोधडी टाकली की मशीन रडतं, म्हणून अंगणात नळाखाली काढल्या आणि माझं धोपाटणं बाहेर काढलं. बाभळीचं आहे, माझ्या बापाने लग्नात दिलेलं. त्याच्या तोंडावर एक गाठ आहे, इतक्या वर्षांत लाकूड झिजलं पण गाठ झिजली नाही. तीन गोधड्या झोडपल्या. महेश गॅलरीतून ओरडत होता. मी कधी नव्हे ते गाणं म्हणत होते.

संध्याकाळी आभाचा फोन. झालंय, मंगळवारी या. आवाज कसनुसा होता. म्हणाली, "आजी, तुम्ही नक्की या. तुम्हीच या."

१६ सप्टेंबर, मंगळवार

काय लिहू? आधी जसं झालं तसं लिहिते.

आभाच्या खोलीत आम्ही पाच जण. मी, महेश, सरिता, गौरांग आणि ती. पडद्यावर चित्र सुरू झालं. आवाज नाही. रंग विटलेले, सगळं लालसर. सुरुवातीला आमचे हे दिसले! खाकी चड्डी, बनियन, केस काळेभोर. माझ्या तोंडून "अगंबाई" निघालं. पण तेवढ्यात फीत खराब झाली असावी, सगळं गदागदा हललं, छप्पर दिसलं, जमीन दिसली. आणि मग थांबलं ते माझ्यावर.

मी. पाटावर बसलेली, पदर खोचलेला, डोकं उघडं, पोट हे एवढं. समोर वाळूची गोणी, गोणीवर पत्रा आणि माझ्या हातात धोपाटणं. मी ठोकतेय. कडेने आत, कडेने आत. पत्रा फिरवते, कानाशी धरून बोटाने वाजवते, पुन्हा ठोकते. तीन मिनिटं बारा सेकंदांची फीत आहे म्हणे, त्यातली पावणेतीन मिनिटं मीच. भिंतीला हातोड्या ओळीने लावलेल्या, झेंडूची फुलं वाहिलेली. शेवटी दोघं माणसं पत्रा उचलून लाकडी साच्यावर ठेवतात. बसतो. फक्त वरच्या अंगाला जरा कमी पडतो, कारण पोटामुळे मला पुढे वाकता येत नव्हतं. मी तिथे हात लावते, मान हलवते. जाऊ दे म्हटल्यासारखी.

दिवे लागले. आभाचे डोळे भरले होते. "नऊ मिलिमीटर," एवढंच म्हणाली.

मी उठले. म्हटलं, "ही फीत चुकीची हाय. ह्यात ह्यांचं काम नाय आलं." आणि बाहेर येऊन रिक्षात बसले.

१७ सप्टेंबर, बुधवार

मागितलं एक आणि हातात आलं भलतंच. ह्यांच्या नावासाठी निघाले होते, आणि ह्यांना तिथे पंधरा सेकंद! उरलेली सगळी मी, डोक्यावर पदर नसलेली. मेहुण्यालाही दुसरं काही दिसलं नाही? मी काय कामावर होते? हजेरीत माझं नाव नव्हतं. साहेब म्हणाले होते, वाल्मीक, वहिनींचा हात चांगला आहे, पण बाहेर बोलू नका, बाईमाणसाने ठोकलेली गाडी कोण घेईल. बरोबरच होतं. आम्ही नाही बोललो.

पुढे आलेली बाजू ठोकून काढायची मी, मग बाहेरून हातोडीने सफाई करायचे हे, जोड लावायचे हे, साहेबांशी बोलायचे हे. म्हणजे काम ह्यांचंच ना? मी आपली पोट काढून द्यायची. उजवं मडगार्ड, डावं मडगार्ड, तोंडाकडचं झाकण. पाचही गाड्यांचं. एवढंच.

महेश रात्रपाळी सोडून घरी आहे. जेवताना म्हणाला, "आई, तू कधी बोलली नाहीस."

"त्यात बोलायचं काय?"

"मी सातपूरला पंचवीस वर्षं पत्र्याच्या मशीनवर आहे आई. लोकांना बाबांचं सांगत आलो. आणि तू..." माझं ताट उचलून त्याने घासलं. आजवर कधी घासलं नव्हतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज गौरांगने आभाला पत्र लिहिलं, तिने वाचून दाखवलं. त्याचं म्हणणं असं: फितीत हातोड्यांना फुलं वाहिली आहेत, म्हणजे तो खंडेनवमीचा दिवस. त्या दिवशी हत्यारांची पूजा होते, त्यांना कुणी हात लावत नाही. म्हणजे शेडमध्ये काम बंद होतं. मामा दुसऱ्या दिवशी विलायतेला जाणार, हातात एकच फीत, तेव्हा त्यांना दाखवण्यापुरतं कामगाराच्या बायकोला धोपाटणं देऊन बसवलं. हे चित्रीकरण आहे, पुरावा नाही. शब्द वापरलाय 'नाट्यरूपांतर'.

नाटक!

उचलली जीभ लावली टाळ्याला. सातव्या महिन्यात ढुंगणाखाली पाट घेऊन मी नाटक करत होते? परवापर्यंत मलाच ती फीत नको होती. आज कुणी तिला खोटी म्हटलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

खंडेनवमी होती हे खरं. हातोड्या पूजेत होत्या हेही खरं. आणि म्हणूनच तर मी ठोकत होते! डावं मडगार्ड राहिलं होतं, मला सातवा लागला होता, पुढे बाळंतपण होईपर्यंत मला असं बसता येणार नव्हतं. हातोडीला हात लावायचा नाही, पण धोपाटणं कुठे हत्यार आहे? ते मोरीतलं. त्याला कोण हळदकुंकू वाहतं? सगळ्यांची हत्यारं फुलांखाली आणि माझं हातात, म्हणून मेहुण्याला तेवढंच मिळालं काढायला.

आभाला फोनवर म्हटलं, "उद्या येते मी. पत्र्याचा एक तुकडा आणि वाळूची गोणी तयार ठेव. आणि गौरांगभाऊला बोलव."

२० सप्टेंबर, शनिवार

धोपाटणं पिशवीतून नेलं. महेश सोबत होता, स्वतःहून आला.

आधी गाडीपाशी गेले. डाव्या मडगार्डाच्या आत हात घातला, वरच्या अंगाला. बाहेरून हातोडीची सफाई आहे, पण आतून कुणी सफाई करत नाही. बोटांना लागलं. मग उजवीकडे घातला. तिथेही. आभाला म्हटलं, बॅटरी धर आणि बघ. ती गाडीखाली आडवी झाली. आतल्या पत्र्यावर जागोजाग एकच खूण आहे, नखाएवढी चंद्रकोर. शेकड्यांनी.

मग मी पाटावर बसले. गोणी ओढली, पत्रा ठेवला आणि धोपाटणं उचललं. बहात्तर वर्षांचं अंग, पण हात विसरत नाही. दहा ठोके. पत्रा उचलून गौरांगच्या हातात दिला. धोपाटण्याच्या गाठीची खूण, चंद्रकोर.

"बघा गाडीतली आणि ही. नाटक एका दिवसाचं असतंय. गाडीत खुणा किती हायेत, मोजा. उजवीकडंपण हायेत, आणि उजवी बाजू त्या फितीत नाय."

गौरांगने स्वतः मोजायला सुरुवात केली. सत्तरच्या पुढे गेल्यावर थांबला. गाडीला टेकून जमिनीवरच बसला, चांगली इस्त्रीची पँट होती. म्हणाला, "हीच ती चूक. बाबा हेच म्हणत होते." मग बराच वेळ पत्र्यावरून अंगठा फिरवत राहिला. "लंकाबाई, पुस्तक छापून झालंय. शुद्धिपत्र घालतो. पहिल्या पानावर."

महेश त्याच्या शेजारी बसला. दोघं आपापल्या बापाबद्दल काहीबाही बोलत होते. मी ऐकलं नाही, मी वाळू झटकत होते.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल घट बसले. आभाने पाटीचा मजकूर पाठवला. 'हस्तनिर्मित बॉडी: वाल्मीक निरगुडे व सहकारी.'

सरिताने वाचला आणि माझ्याकडे बघितलं. महिन्यापूर्वी हा मजकूर आला असता तर मी पेढे वाटले असते.

"सहकारी म्हणजे कोण?" मी विचारलं.

"तुम्हीच की, आई."

"मग माझं नाव सहकारी हाय का?"

आभाला फोन केला. ती गडबडली, म्हणाली, आजी, तुम्हीच म्हणाला होता ना, काम त्यांचं. म्हटलं, म्हणाले होते. मला ती फीत परत बघायची आहे, मग सांगते.

सरिताने ती फोनवर लावून दिली. या वेळी मी स्वतःकडे बघितलं नाही. सुरुवातीचे पंधरा सेकंद बघितले, पुन्हा पुन्हा, वीसेक वेळा. कॅमेरा ह्यांच्यावर आहे. हे मान हलवतात, नको म्हणतात. बोटाने बाजूला दाखवतात. कॅमेरा हलत नाही. हे पुन्हा बोट दाखवतात. तरी हलत नाही. मग हे सरळ चालत पुढे येतात, हात पुढे करतात, आणि गदागदा हलतं सगळं. फीत खराब नव्हती झाली. ह्यांनी त्या माणसाला खांद्याला धरून माझ्याकडे फिरवलं होतं.

मला त्या दिवशी हे काहीच दिसलं नव्हतं. मी खाली मान घालून ठोकत होते.

आणि अठ्ठ्याहत्तर साली सगळी दुनिया ऐरणी नेत असताना हा माणूस ती फीत घेऊन आला. मी बोल बोल बोलले. "हा डबा तुझा," म्हणाले फक्त. अहो, मग सांगायचं होतं ना आत काय आहे! तुम्ही सांगायचं नाही, मी विचारायचं नाही, असा संसार केला आपण. खूप रडले. सरिता जवळ बसून राहिली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

पाटी आज कोरायला जाणार. सकाळी नऊलाच आभाला फोन लावला. दोन्ही नावं पूर्ण हवीत, म्हटलं, आणि 'सहकारी' हा शब्द नको. कुणी किती केलं तेही लिही. फुगवटा माझा, सफाई आणि जोड ह्यांचा. डावीकडचे नऊ मिलिमीटर लपवायचे नाहीत, त्याचं कारण लिहायचं.

"कारण काय लिहू आजी?"

"जे हाय ते. सातवा महिना होता."

ती हसली, मग म्हणाली, तुमचं धोपाटणं काचेच्या पेटीत ठेवायला द्याल का, गाडीच्या बाजूला, त्याच्यावर छान दिवा सोडू. म्हटलं, विचार करून सांगते.

विचार केला. अजून सोलापुरी चादरी धुवायच्या आहेत.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज खंडेनवमी. महेशने कंपनीतली पूजा आटोपली आणि घरची मांडली. ह्यांची हातोडी, पाना, कात्री, सरिताचा पेन, विळी. मी मोरीतून धोपाटणं आणलं, धुतलं, पुसलं आणि हातोडीशेजारी ठेवलं. महेशने झेंडूचं सगळ्यात मोठं फूल निवडून त्यावर वाहिलं. मी हळदकुंकू लावलं, गाठीवर.

लग्नाला चोपन्न वर्षं झाली. पहिल्यांदा ते पूजेत बसलं. दुपारी सरिता म्हणाली, आई, पडदे आज काढू का धुवायला? म्हटलं, आज नाही. आज हत्याराला हात लावायचा नसतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

गेलो सगळे. पुष्कळ माणसं. सातपूरचे जुने दोघे-तिघे काठ्या टेकत आले होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी. गौरांगने भाषणात पत्रकाचं सगळं सांगितलं, वडिलांची चूकही, भर सभेत. सोपं नव्हतं ते. मी त्याला आपट्याचं पान दिलं, त्याने मला वाकून नमस्कार केला, आणि या वेळी मला तो बरा वाटला.

पाटी पितळी आहे. 'वारू क्रमांक तीन. बॉडी हाताने घडवली: लंकाबाई निरगुडे आणि वाल्मीक निरगुडे, सातपूर, नाशिक.' माझं नाव आधी. मी आभाला म्हणणार होते, हा क्रम कुठून आणलास, आधी ह्यांचं घाल. तोंड उघडलंही होतं. मग शेजारच्या पडद्यावर फीत सुरू झाली. हे मान हलवत होते, बोट दाखवत होते. मी तोंड मिटलं. क्रम ह्यांनीच ठरवला होता.

एका पोरसवदा पत्रकाराने विचारलं, आजी, यजमानांचं नाव काय? सरिता सांगायला पुढे झाली. तिला थांबवलं.

"वाल्मीक," म्हटलं मी. मोठ्याने म्हटलं. जिभेला सवय नाही, पण आलं नीट.

गाडीच्या बाजूला काचेची पेटी आहे, आत निळी मखमल आणि वरून दिवा सोडलेला. मखमलीवर धोपाटण्याच्या आकाराचा खळगा आहे, रिकामा. तिथे आभाने माझ्या सांगण्यावरून छोटी चिठ्ठी ठेवली आहे. लोक वाकून वाकून वाचत होते.

'मूळ हत्यार अजून वापरात आहे.'